टोपीतल्या चिठ्ठ्या आणि फलंदाजीचा क्रम

१३ ऑगस्ट १९७२ हा दिवस. अमेरिकेतील डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचा व्यवस्थापक बिली मार्टिन आपल्या फलंदाजांवर वैतागला होता. धावा होत नव्हत्या. फलंदाजांचा क्रम बदलून पाहावा, तर कसा बदलावा हेच कळेना. शेवटी त्याने खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या एका टोपीत टाकल्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने फलंदाज पाठवले! जोरदार फटक्यांसाठी प्रसिद्ध असलेला नॉर्म कॅश पहिल्या क्रमांकावर आला. एडी ब्रिंकमन हा क्षेत्ररक्षणात वाकबगार, पण फलंदाजीत बेताचाच. तो आला चौथ्या क्रमांकावर, म्हणजे जिथे संघातला सर्वांत दणकट फलंदाज असायचा, त्या जागी. आणि टायगर्स संघाने क्लीव्हलंडविरुद्धचा तो सामना ३-२ असा जिंकला.

मग फलंदाजीचा क्रम ठरवण्यात काही अर्थ आहे की नाही? अमेरिकेतील बेसबॉलशौकिनांचा हा आवडता वाद आहे. आपल्याकडे कसोटी संघ जाहीर झाला की चहाच्या टपरीवर प्रत्येक जण निवड समितीचा सभासद होतो, तसाच तिकडे प्रत्येक शौकिनाच्या खिशात नऊ नावांची एक यादी असते. पुष्कळांना वाटते की यादी ‘समतोल’ हवी. पण समतोल म्हणजे काय? चांगले फलंदाज सगळीकडे सारखे पसरायचे, की एका ठिकाणी आणायचे? या प्रश्नाला गणिताने उत्तर देता येते, आणि ते गणित तुम्हा शाळकरी मित्रांना करता येण्याजोगे आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. बेसबॉलचे मैदान एका कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौरसासारखे असते. चौरसाची प्रत्येक बाजू ९० फूट. खालच्या कोपऱ्यात ‘होम प्लेट’, तिथे फलंदाज उभा राहतो. उरलेल्या तीन कोपऱ्यांत पहिला, दुसरा आणि तिसरा बेस. पिचर साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो, तोही टप्पा न पाडता. फलंदाजाने फटका मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावायचे. जमल्यास दुसऱ्या, तिसऱ्या बेसवर जायचे, नाही तर थांबायचे. पुढचा फलंदाज फटका मारील तेव्हा आणखी पुढे सरकायचे. तिन्ही बेस ओलांडून पुन्हा होम प्लेटला पाय लागला की एक धाव. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर तो ‘होम रन’. मग फलंदाज आणि बेसवर उभे असलेले त्याचे सगळे सोबती आरामात घरी येतात. पिचरने चार चेंडू भलतीकडे टाकले आणि फलंदाजाने त्यांच्या मोहात न पडता बॅट आवरली, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो.

तीन गडी बाद झाले की संघाचा डाव संपतो. असे नऊ डाव. येथे क्रिकेटपेक्षा एक मोठा फरक आहे. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपला. बेसबॉलमध्ये नऊ फलंदाजांची रांग रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखी फिरत राहते. नवव्यानंतर पुन्हा पहिला. पहिला डाव पाचव्या फलंदाजापाशी संपला, तर दुसरा डाव सहाव्यापासून सुरू होतो. आणखी एक. डाव संपताना जे बेसवर उभे असतील त्यांच्या श्रमांवर पाणी पडते. नवा डाव रिकाम्या मैदानावर सुरू होतो. म्हणून कोण किती फटके मारतो यापेक्षा कोणामागून कोण मारतो याला महत्त्व येते. एकाच डावात लागोपाठ तीन फटके बसले तर एखादी धाव मिळते. तेच तीन फटके तीन डावांत विखुरले तर बहुधा काहीच मिळत नाही.

जुन्या जाणत्या व्यवस्थापकांनी अनुभवावरून एक परिपाठ घालून दिला होता. पहिला खेळाडू चपळ धावणारा. दुसरा असा, की ज्याला चेंडू हवा तिथे ढकलता येतो. तिसरा संघातला सर्वोत्तम फलंदाज. चौथा सर्वांत ताकदवान, पुढच्या तिघांना घरी आणून बेस ‘साफ’ करणारा. पुढे गुण उतरत जात आणि नववा पिचर, कारण पिचरला फलंदाजी जमत नाही असे गृहीतच धरलेले. १९२७ चा न्यू यॉर्क यांकीज संघ या परिपाठाचा आदर्श मानला जातो. त्यात तिसरा बेब रूथ आणि चौथा लू गेरिग. त्या वर्षी रूथने ६० होम रन मारले, गेरिगने ४७, आणि संघाने ११० सामने जिंकले. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, यांकीजने खेळाडूंच्या पाठीवर आकडे घातले, ते चक्क फलंदाजीच्या क्रमानेच. रूथचा ३ आणि गेरिगचा ४ हे आकडे त्या संघात आता दुसऱ्या कोणालाही दिले जात नाहीत.

असा हा परिपाठ पिढ्यानुपिढ्या चालला. तो बरोबर आहे का, हे तपासायचे कसे?

एक मार्ग म्हणजे सगळे क्रम खेळवून पाहायचे. नऊ खेळाडू किती प्रकारे रांगेत उभे राहू शकतील? पहिल्या जागेसाठी ९ पर्याय, दुसऱ्यासाठी ८, तिसऱ्यासाठी ७... सर्वांचा गुणाकार ३,६२,८८०. अमेरिकेत एक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. प्रत्येक क्रम फक्त एकेकदा वापरायचा म्हटले तरी बरोबर २,२४० वर्षे लागतील! भागाकार करून पाहा, बाकी शून्य उरते.

दुसरा मार्ग कागद-पेन्सिलीचा. तो जॉर्ज लिंडसे या कॅनडातील शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवला. लिंडसे संरक्षण खात्यात संशोधन करी. बेसबॉल हा त्याचा छंद. त्याच्या वडिलांनी शेकडो सामन्यांतील प्रत्येक चेंडूफळीचा तपशील चिकाटीने वह्यांत उतरवून ठेवला होता. लिंडसेने पाहिले, की फलंदाज खेळायला येतो तेव्हा मैदानाची स्थिती मोजक्याच प्रकारांची असू शकते. तीन बेसपैकी प्रत्येक एकतर भरलेला किंवा रिकामा, म्हणजे २ × २ × २ = ८ प्रकार. बाद झालेले गडी शून्य, एक किंवा दोन, म्हणजे ३ प्रकार. एकूण ८ × ३ = २४ स्थिती. प्रत्येक स्थितीपासून डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात, याचे कोष्टक त्याने तयार केले.

त्यातले काही आकडे पाहा. बेस रिकामे आणि एकही गडी बाद नाही, म्हणजे डावाची सुरुवात: सरासरी ०.४६ धाव. (याला नवाने गुणले की चारच्या थोडे वर येते. खरोखरच त्या काळी एक संघ सामन्यात साधारण तेवढ्याच धावा करी.) पहिल्या बेसवर एक खेळाडू, कोणी बाद नाही: ०.८१. तिन्ही बेस भरलेले, कोणी बाद नाही: २.२५. आणि बेस रिकामे, दोन गडी बाद: अवघी ०.१०.

हे कोष्टक हाती आले आणि जुन्या परिपाठातली एक वीट लगेच हलली. पहिला खेळाडू पहिल्या बेसवर पोचला की दुसऱ्या फलंदाजाने मुद्दाम हलका फटका मारून स्वतः बाद व्हायचे आणि सोबत्याला दुसऱ्या बेसवर न्यायचे, ही त्यागाची चाल फार नावाजली जाई. याला ‘बंट’ म्हणतात. म्हणून तर दुसऱ्या जागी चेंडू ढकलण्यात तरबेज माणूस ठेवायचा! पण लिंडसेचे कोष्टक पाहा. आधीची स्थिती ०.८१ धावांची. बंटनंतर खेळाडू दुसऱ्या बेसवर आला खरा, पण एक गडी बाद झाला. या स्थितीची किंमत ०.६७. त्यागाने संघाचा तोटाच झाला. सामन्याच्या अखेरीला जिंकायला एकच धाव हवी असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. पहिल्याच डावात मात्र ही चाल म्हणजे गाठीचे पैसे देऊन लहान नाणी घेण्यासारखे आहे.

आता समतोलाचा प्रश्न घेऊ. नऊ खेळाडूंचे गणित लांबलचक होते, म्हणून चारच खेळाडूंचा एक काल्पनिक संघ घेऊ. त्यातले दोन फलंदाज चांगले. ते दहापैकी ४ वेळा यशस्वी होतात. दोन कच्चे; ते दहापैकी २ वेळा. लागोपाठच्या दोन फलंदाजांना यश आले की एक धाव, असा नियम करू. रांग गोल फिरते हे लक्षात ठेवा.

समतोल राखायचा म्हणून आपण एक चांगला, एक कच्चा, एक चांगला, एक कच्चा अशी रांग लावली. मग प्रत्येक जोडीत एक चांगला आणि एक कच्चा. जोडीला यश मिळण्याची संभाव्यता ०.४ × ०.२ = ०.०८. अशा चार जोड्या, बेरीज ०.३२.

आता दोन्ही चांगले शेजारी ठेवू. जोड्या अशा होतील: चांगला-चांगला ०.१६, चांगला-कच्चा ०.०८, कच्चा-कच्चा ०.०४, कच्चा-चांगला ०.०८. बेरीज ०.३६. माणसे तीच, त्यांचे कौशल्य तेच, पण धावा आठवा हिस्सा वाढल्या! कच्च्या जोडीपायी जे गमावले त्याच्या दुप्पट चांगल्या जोडीने मिळवून दिले.

याच गणितातून एक गंमत निघते. चौघेही मध्यम, दहापैकी ३ वेळा यशस्वी होणारे असते, तर? ०.३ × ०.३ = ०.०९, चार जोड्यांची बेरीज ०.३६. म्हणजे दोन उत्तम व दोन सामान्य फलंदाजांचा संघ चार मध्यम फलंदाजांच्या संघाची बरोबरी करतो, मात्र उत्तम दोघांना शेजारी ठेवले तरच. त्यांना वेगळे केले की तो मागे पडतो. हा आपला खेळण्यातला संघ आहे, खऱ्या सामन्यात होम रन असतात, चपळाई असते, चुका असतात. तरी मूळ मुद्दा नऊ जणांच्या संघालाही लागू पडतो: चांगले फलंदाज जवळजवळ ठेवावेत. ‘दर डावात एक तरी चांगला फलंदाज यावा’ हा शौकिनांचा समतोल कागदावर देखणा दिसतो, पण खर्चिक आहे.

जवळ ठेवायचे, पण रांगेत कुठे? येथे दुसरा विचार येतो. नऊ डावांत एका संघाचे सुमारे ३८ फलंदाज खेळायला येतात. ३८ म्हणजे रांगेच्या चार पूर्ण फेऱ्या आणि वर दोघे. सामना संपताना शेवटचा फलंदाज रांगेतला कोणीही असू शकतो. पहिल्याला दुसऱ्यापेक्षा एक संधी जास्त कधी मिळते? सामना नेमका पहिल्यापाशीच संपला तर. असे साधारण नऊ सामन्यांतून एकदा घडेल. १६२ भागिले ९ म्हणजे १८. रांगेत एक जागा खाली सरकले की हंगामात सुमारे १८ संधी कमी होतात. पहिल्या आणि नवव्या जागेत तर १४४ संधींचा फरक पडतो. म्हणून चांगल्या फलंदाजांचा गट रांगेच्या सुरुवातीला हवा. येथपर्यंत जुने लोक आणि गणित एकमताने चालतात.

मतभेद आहे तो तिसऱ्या जागेबद्दल. जुना परिपाठ सांगतो, सर्वोत्तम फलंदाज तिसरा. पहिल्या डावाचाच विचार करू. बरा फलंदाज तीनपैकी एकदा बेस गाठतो, म्हणजे तीनपैकी दोनदा बाद होतो. पहिले दोघेही बाद होण्याची संभाव्यता २/३ × २/३ = ४/९. म्हणजे शंभरपैकी ४४ सामन्यांत आपला हिरा मैदानात उतरतो तेव्हा बेस रिकामे आणि दोन गडी बाद. लिंडसेच्या कोष्टकातली ही सर्वांत दरिद्री स्थिती, ०.१० ची! त्याने सुरेख फटका मारून बेस गाठला तरी तो बहुधा तिथेच उभा राहणार. उलट चौथा पाहा. पहिले तिघे ओळीने बाद होण्याची संभाव्यता ८/२७, म्हणजे शंभरपैकी ३०. तसे झाले तर डावच संपतो आणि चौथा दुसऱ्या डावाची कोरी पाटी घेऊन येतो. उरलेल्या ७० वेळा त्याच्या आधी कोणीतरी बेस गाठलेला असतो. दोन्ही तऱ्हांनी चौथा तिसऱ्यापेक्षा नशीबवान.

पहिल्याचे काय? सामन्याच्या आरंभी बेस रिकामेच असतात, आणि पुढच्या फेऱ्यांत त्याच्या आधी आठवा-नववा असे कच्चे फलंदाज येतात. म्हणून त्याच्या होम रनवर घरी येणारे सोबती थोडे. त्याच्याकडे ताकदीपेक्षा बेस गाठण्याचे कसब हवे. चपळाई असल्यास उत्तम, पण नुसत्या चपळाईचा काय उपयोग? बेसवर पोचलाच नाही, तर धावणार कुठून? रिकी हेंडरसन हा या जागेचा बादशहा मानला जातो. त्याने कारकीर्दीत १,४०६ बेस ‘चोरले’, म्हणजे फटक्यावाचून धावत गाठले. हा विक्रम अजून अबाधित आहे. पण त्याचे खरे मोल यात होते, की तो दर दहा संधींपैकी चार वेळा बेस गाठी.

पुढे संगणक आल्यावर लिंडसेच्या २४ स्थितींना नवे बळ मिळाले. एका स्थितीतून दुसरीत जाण्याची संभाव्यता फक्त आताच्या स्थितीवर आणि समोरच्या फलंदाजावर अवलंबून आहे, ती स्थिती कशी आली यावर नाही, असे धरले की त्या साखळीला ‘मार्कोव साखळी’ म्हणतात. आंद्रेई मार्कोव हा रशियन गणिती. त्याने १९१३ मध्ये पुश्किनच्या एका काव्यातली वीस हजार अक्षरे मोजून स्वरामागून व्यंजन किती वेळा येते हे तपासले होते. त्याची रीत पुढे बेसबॉलला लागेल हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल! ही रीत वापरून १९९७ साली ब्रूस ब्युकिएट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फलंदाजीच्या क्रमांची पारख केली. पुढे टॉम टँगो आणि दोघा साथीदारांच्या पुस्तकात या विषयाचा सविस्तर हिशेब आला. त्यांचा सल्ला असा: संघातले तीन सर्वोत्तम फलंदाज पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवा; तिसऱ्याची फार काळजी करू नका.

व्यवस्थापक मंडळी सहसा पुस्तके वाचून बदलत नाहीत, पण येथे बदलली. २०२२ मध्ये ६२ होम रन मारणारा आरन जज त्या वर्षी बहुतेक सामन्यांत दुसऱ्या किंवा पहिल्या क्रमांकावर खेळला. जपानचा शोहेई ओतानी लॉस एंजेलिस डॉजर्सतर्फे २०२४ च्या जूननंतर पहिल्या क्रमांकावर येऊ लागला आणि त्या हंगामात त्याने ५४ होम रन मारले. जुन्या पिढीचा व्यवस्थापक एवढा दणकट माणूस पहिल्या जागी पाहून कपाळाला हात लावता. नवव्या जागेचाही असाच विचार झाला. रांग गोल आहे, तेव्हा नववा हा एका अर्थी पहिल्याच्या आधीचा. म्हणून १९९८ मध्ये टोनी ला रूसाने पिचरला आठवा पाठवून नवव्या जागी बरा फलंदाज ठेवला. आता तो प्रश्नच राहिला नाही. पिचरऐवजी वेगळा फलंदाज खेळवण्याची मुभा अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून होती, ती २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये कायमची झाली.

मग समतोलाला कुठेच जागा नाही का? आहे, पण ती डावऱ्या-उजव्यांच्या बाबतीत. उजव्या हाताने फेकलेला वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर पळतो, तर डावऱ्याकडे येतो. शिवाय चेंडू पिचरच्या हातातून सुटताना डावऱ्याला तो अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून सर्वसाधारणपणे उजव्या पिचरसमोर डावरे फलंदाज बरे खेळतात आणि डावऱ्या पिचरसमोर उजवे. तीन डावरे ओळीने ठेवले, तर प्रतिपक्ष नेमका त्याच वेळी डावरा पिचर आणून तिघांनाही गुंडाळतो. २०२० पासून नियम आहे, की नव्या पिचरने निदान तीन फलंदाजांना तोंड द्यावे किंवा तो डाव संपवावा. त्यामुळे डावरा, उजवा, डावरा अशी आलटून-पालटून रांग असली की मध्यल्या उजव्याला फायदा मिळतोच. येथे पसरवणे शहाणपणाचे.

शौकिनांचा आणखी एक लाडका समज असा, की चांगल्या फलंदाजामागे दुसरा चांगला असला की पिचर घाबरतो आणि पहिल्याला सोपे चेंडू टाकतो. ऐकायला पटते. आकड्यांत मात्र त्याचा फारसा पुरावा सापडलेला नाही.

या साऱ्या खटाटोपाने किती धावा वाढतात? नेहमीच्या बऱ्यावाईट क्रमाऐवजी उत्तम क्रम लावला तर सबंध हंगामात दहा-पंधरा. साधारण दहा धावा जास्त झाल्या की एक विजय जास्त मिळतो, असा तिकडे ठोकताळा आहे. म्हणजे १६२ सामन्यांत एखादा विजय! आणि हा लाभ डोळ्यांना दिसतही नाही. एका सामन्यातल्या धावा सरासरीच्या आसपास सुमारे तीनने वरखाली होतात. १६२ सामन्यांत केवळ नशिबाने होणारा चढउतार ३ × √१६२, म्हणजे जवळजवळ ३८ धावांचा. त्या लाटांत दहा-पंधरा धावांचा लाभ बुडून जातो. म्हणूनच पिढ्यानुपिढ्या क्रम लावणाऱ्यांना कोणता क्रम बरा हे नुसते पाहून कळले नाही, आणि बिली मार्टिनच्या चिठ्ठ्यांनाही एक सामना जिंकता आला.

घरी फासा असेल तर हे पडताळून पाहा. चार चांगले व पाच कच्चे फलंदाज घ्या. चांगल्याला १ किंवा २ पडले तर तो पहिल्या बेसवर, ६ पडला तर होम रन, एरवी बाद. कच्च्याला १ पडला तर पहिला बेस, एरवी बाद. दर फटक्याला बेसवरचे सगळे एकेक बेस पुढे सरकतील. एकदा चांगले चौघे पहिल्या चार जागी ठेवून नऊ डाव खेळा. मग त्यांना १, ३, ५, ७ या जागी पसरून खेळा. एका सामन्यात काय वाटेल ते होईल. वर्गातल्या चाळीस जणांनी मिळून आठआठ-दहादहा सामने खेळून बेरीज केली तर फरक हळूहळू डोके वर काढील.

आता १९७२ कडे परत जाऊ. त्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे हंगामाच्या आरंभीचे काही सामने रद्द झाले, ते पुन्हा खेळवले गेले नाहीत, आणि सगळ्या संघांच्या वाट्याला सारखे सामनेही आले नाहीत. हंगाम संपला तेव्हा बॉस्टनचा संघ ८५ सामने जिंकून ७० हरला होता. टायगर्स ७० च हरले होते, पण त्यांचे विजय होते ८६. त्या एका विजयावर त्यांनी आपला गट जिंकला.